पडलेला बुरूज उचलू नका

जर्मनीत राहणाऱ्या मराठी पोरांच्या प्रत्येक ट्रिपमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं. लांबून किल्ला दिसतो, कॅमेरे बाहेर येतात आणि कुणीतरी उसासा टाकून म्हणतो, "बघा, याला म्हणतात किल्ले जपणं! नाहीतर आपल्याकडे..." पुढचं कुणी बोलत नाही. बोलायची गरजच नसते. सगळे माना डोलावतात आणि मग जेवायचं कुठे यावर चर्चा सुरू होते.

तीन वर्षं मीही मान डोलावली. आता नाही डोलावणार. आज जरा भांडायचंच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा शनिवार वाचेल. ज्या जर्मन किल्ल्यांकडे बघून आपण हळहळतो त्यातले बरेचसे जपलेले नाहीतच, ते नव्याने बांधलेले आहेत. जर्मनांनी खरोखर जपलं ते पडकं. आणि त्यांच्याकडून काही उचलायचंच असेल तर ते पडकं जपणं उचलायला हवं, बांधकाम नको.

सुरुवात अर्थात नॉयश्वानस्टाइनपासून. युरोपात आलेल्या प्रत्येक देशी माणसाकडे याचा एक फोटो असतोच. माझ्याकडे चाळीस आहेत. आम्ही सहा जणांनी पहाटे चारला मानहाइमहून भाड्याची व्हॅन काढली होती, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. तिकिटावर वेळ छापलेली. आपला नंबर फलकावर आला की आत जायचं, कानाला यंत्र लावायचं, अर्ध्या तासात दुसऱ्या दाराने बाहेर. मारियनब्रुके नावाच्या पुलावरून किल्ला दिसला तेव्हा मी गप्प झालो होतो हे कबूल करतो. दिसतो सुंदरच. तिथेच आमच्यातल्या एकाने ते वाक्य टाकलं आणि मी मान डोलावली.

आता हिशेब बघा. या 'मध्ययुगीन' किल्ल्याची पायाभरणी झाली ५ सप्टेंबर १८६९ रोजी. म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावायला लागून तेव्हा सोळा वर्षं झाली होती! बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याला जुन्या सरदारांच्या गोष्टींचं वेड होतं. किल्ला कसा दिसावा याची चित्रं काढली क्रिस्टियान यांक याने, आणि हा गृहस्थ होता नाटकाच्या सेटचे पडदे रंगवणारा. आत गरम हवेचं हीटिंग, नळाचं पाणी, नोकरांना बोलवायला विजेची घंटा. सिंहासनाचा दिवाणखाना आहे, सिंहासन नाही, कारण ते बनायच्या आतच १३ जून १८८६ ला राजा तळ्यात मेलेला सापडला. १ ऑगस्टला, म्हणजे सात आठवड्यांत, लोकांना तिकीट लावून आत सोडायला सुरुवात झाली. ते अजून चालू आहे.

इथपर्यंत मला काही तक्रार नाही. राजाला हौस होती, त्याने बांधलं. जर्मन भाषा स्वतः याला 'श्लॉस' म्हणते, म्हणजे महाल. लढाईचा किल्ला तो 'बुर्ग'. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने लुडविगचे महाल जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही एकोणिसाव्या शतकातलं एका राजाचं स्वप्न म्हणूनच. फसवणूक कुणी केलेली नाही, फसलो आपणच.

खरी गोष्ट पुढे आहे. त्या खडकावर आधी काय होतं? दोन किल्ले होते. खरे, मध्ययुगातले, लहान, आणि तोवर पडलेले. राजाच्या स्वप्नाला जागा हवी म्हणून ते अवशेष काढून टाकले आणि खडकही सुरुंग लावून काही मीटर खाली आणला. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध 'जुन्या' किल्ल्यासाठी दोन जुने किल्ले उडवले गेले. आणि आपण तिथे उभं राहून म्हणतो, याला म्हणतात जपणं!

हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मला जाग आली ती वर्षभराने, दुसऱ्याच एका किल्ल्यावर.

ऑक्टोबरचा शनिवार होता. ग्रुपमधलं कुणी यायला तयार नव्हतं, म्हणून एकटाच निघालो. नॉयश्टाट आणि लांडाऊला गाडी बदलून आनवाइलर नावाच्या गावात उतरलो. गावामागे जंगल, रस्ताभर चेस्टनट पडलेले, आणि वर एका रांगेत तीन टेकड्या, तिन्हींवर किल्ले. पहिला ट्रिफेल्स. इंग्लंडचा राजा रिचर्ड, तोच तो सिंहहृदयी, धर्मयुद्धावरून परत जाताना पकडला गेला आणि ११९३ साली या किल्ल्यावर कैदेत होता. बाराव्या-तेराव्या शतकांत सम्राटाचा मुकुट, तलवार वगैरे राजचिन्हंही बराच काळ इथेच ठेवलेली असत. आता त्यांच्या प्रतिकृती आहेत.

आत मोठा दरबार आहे. लाल दगडाच्या उंच भिंती, वर सज्जा, भव्य जिना. मी एकटाच होतो. भिंतीला हात लावला. आठशे वर्षांपूर्वी इथे सम्राट बसत असेल या कल्पनेने खरंच अंगावर काटा आला. फोटो काढला आणि बाबांना पाठवला. बाबा निवृत्त शिक्षक, आयुष्यभर शाळेच्या पोरांना घेऊन गड चढलेले. मी नऊ वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर पहिल्यांदा रायगडावर गेलो. त्यांचं लगेच उत्तर आलं, "धन्य वाटलं. दगड बोलतात."

मग मी तिथली माहिती वाचली.

दगड बोलत होते, पण बाराव्या शतकाबद्दल नाही. १६०२ साली वीज पडून ट्रिफेल्स जळाला, पुढे तो ओस पडला आणि लोकांनी त्याचे दगड घरांसाठी नेले. तीनशे वर्षं ते एक पडकं होतं. मुख्य बुरुजाचा मोठा भाग, त्यातल्या प्रार्थनाघराचा बाहेर आलेला गवाक्ष, एवढं खरं जुनं. मी ज्या दरबारात उभा होतो त्याचं काम सुरू झालं १९३८ साली. नाझी राजवटीला जर्मन साम्राज्याचं एक तीर्थक्षेत्र हवं होतं. रुडॉल्फ एस्टरर नावाच्या वास्तुरचनाकाराने ते आखलं, दक्षिण इटलीतल्या किल्ल्यांच्या धर्तीवर. इथे मुळात तसं काही होतं म्हणून नव्हे, सम्राटाला ते शोभलं असतं म्हणून! युद्धात काम थांबलं, युद्धानंतर पुन्हा पुढे रेटलं. नाझी गेले, पण त्यांनी मनाने रचलेला दरबार उभाच आहे, आणि पाहणारा त्याला बाराव्या शतकातला समजून हात लावतो. मीच लावला की!

बाबांना फोन करून सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग एकच विचारलं, "मग खरं काय आहे तिथे?"

या प्रश्नाचं मला उत्तर देता येईना. कारण खरं काय आहे हे आता साध्या माणसाला ओळखताच येत नाही. आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकवतात, जुन्या फाइलवर लिहून सेव्ह करायचं नाही, आधी कॉपी काढायची. ट्रिफेल्सवर कुणीतरी मूळ फाइलवरच लिहून सेव्ह केलंय. आता अनडू नाही.

तसाच खाली उतरून शेजारच्या दोन टेकड्यांवर गेलो. आनेबोसवर जवळपास काहीच उरलेलं नाही, खडकात कोरलेल्या खुणा फक्त. शार्फेनबेर्गवर एक उंच बुरूज, भिंतींचे तुकडे, त्यावर शेवाळं. तिकीट नाही, कानाला यंत्र नाही. अर्धा तास बसून राहिलो. इथे राहणाऱ्यांचं काय झालं असेल, पाणी कुठून आणत असतील, दार कुठल्या बाजूला असेल, हे सगळं मलाच शोधावं लागत होतं. आणि जे सापडत होतं ते खरं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एक नाझी उदाहरण काढून सगळ्या जीर्णोद्धाराला झोडपणं बरं नव्हे. बरोबर. म्हणून बाकीचेही बघू. ऱ्हाइनवरचा श्टोल्झेनफेल्स प्रशियाच्या राजपुत्राने पडक्यावर नव्याने उभारला, १८३६ ते १८४२. डोंगरमाथ्यावर ढगातून वर आलेला होहेनझोलर्न १८५० ते १८६७ मधला. आल्सेसमधला होहक्योनिग्सबुर्ग तर ऐका. १६३३ मध्ये स्वीडिश फौजेने तो जाळला, पुढे शेकडो वर्षं तो पडका होता. १८७१ मध्ये आल्सेस जर्मनीने जिंकून घेतलं होतं. तेव्हा ही भूमी जर्मनच हे दाखवायला कैसर विल्हेल्म दुसरा याने बोडो एबहार्ट या वास्तुरचनाकाराकडून किल्ला पुन्हा बांधून घेतला. १९०८ मध्ये थाटात उद्घाटन झालं. १९१८ मध्ये युद्ध हरले आणि आल्सेस किल्ल्यासकट फ्रान्सकडे गेलं! आज तो फ्रान्समध्ये आहे आणि झकास चालतो. पुन्हा बांधलेला किल्ला जुन्या काळाबद्दल फार थोडं सांगतो. तो बांधणाऱ्याला काय हवं होतं हे मात्र पक्कं सांगतो.

आणि याच जर्मनीत, मी राहतो तिथून लोकलने वीस मिनिटांवर, याच्या अगदी उलट गोष्ट घडली. हायडेलबेर्गला.

हायडेलबेर्गचा किल्ला चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजांनी १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये सुरुंग लावून उडवला. पुढे थोडा दुरुस्त केला तर १७६४ मध्ये वीज पडून जळाला. मग त्याचेही दगड जायला लागले, काही तर राजाच्याच श्वेत्झिंगेनच्या महालासाठी. हे थांबवलं कुणी? १८१० मध्ये इथे आलेल्या शार्ल द ग्रेंबेर्ग नावाच्या माणसाने. तो होता फ्रेंच, क्रांतीतून पळालेला सरदार. तो तिथेच राहिला, दगड नेणाऱ्यांशी भांडला, किल्ल्याची चित्रं काढून, छापून जगभर पोचवली. फ्रेंचांनी पाडलेलं एका फ्रेंचाने वाचवलं, आणि वाचवलं ते पडकं म्हणून.

१८७१ मध्ये जर्मनी एक झाली, फ्रान्सला हरवलं, आणि छात्या फुगल्या. मग मागणी सुरू झाली की हे पडकं म्हणजे फ्रेंचांनी केलेला अपमान आहे, तो पुसा, किल्ला पुन्हा दिमाखात उभा करा. ओळखीचा वाटतोय ना हा सूर? मलाही वाटला.

पण तिथल्या लोकांनी घाई केली नाही. १८८३ पासून एक कचेरी उघडून वर्षानुवर्षं किल्ल्याचा दगड न् दगड मोजून कागदावर काढला. १८९१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं, पुन्हा बांधू नका, आहे तसं टिकवा. तरी फ्रीडरिशबाउ नावाच्या एका इमारतीचं काम कार्ल शेफरकडून करून घेतलं, आतली सजावट नव्याने रचली गेली आणि मग शेजारच्या ओटहाइनरिशबाउवरही छप्पर चढवायचा बेत आला. तेव्हा १९०१ मध्ये गेओर्ग डेहियो हा कला-इतिहासाचा प्राध्यापक उभा राहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. जे नाहीसं झालं ते परत आणता येत नाही, आणता येते ती फक्त आपली कल्पना, आणि त्या कल्पनेसाठी आपण हातातलं खरं गमावतो. वाद काही वर्षं पेटला. डेहियोची बाजू जिंकली. ओटहाइनरिशबाउ आजही बिनछपराचा आहे. खिडक्यांतून आभाळ दिसतं.

आणि तिथे एक बुरूज आहे, तो बघायला तरी जाच. १६९३ च्या स्फोटात त्याचे उभे दोन भाग झाले. भिंत सहा मीटरहून जाड, त्यामुळे फुटून चुरा झाला नाही, अख्खा अर्धा बुरूज सरकून खंदकात पडला. तो तुकडा अजून तिथेच पडलाय. तीनशे वर्षं झाली. क्रेन आल्या, सिमेंट आलं, दोन महायुद्धं झाली, देश श्रीमंत झाला, पण कुणी तो उचलून जागेवर लावला नाही. पैसे नव्हते म्हणून नाही. तो पडलेला तुकडा हीच तिथली खरी नोंद आहे म्हणून.

"म्हणजे नुसतं पडू द्यायचं?" असं आमच्या ग्रुपवर एकीने मला विचारलं. नाही बाई! पडकं टिकवणं हे बांधण्यापेक्षा चिवट काम आहे. छप्पर नसलेल्या भिंतीचा पहिला शत्रू म्हणजे तिचा उघडा माथा. तिथून पाणी आत शिरतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि दगड सुटा करतं. म्हणून माथा बंद करावा लागतो, चुन्याने नाहीतर मातीचा थर आणि गवत लावून. झाडाचं मूळ बोटाएवढं असतानाच काढावं लागतं. सिमेंट चालत नाही, कारण ते दगडापेक्षा कडक, ओल अडवून धरतं, आणि मग फुटतो तो दगड. हे सगळं दर काही वर्षांनी पुन्हा करायचं. याचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही, आधीचा न् नंतरचा फोटो सारखाच दिसतो. आम्ही याला मेंटेनन्स म्हणतो, आणि आमच्याकडेही ते कुणाला नको असतं. सगळ्यांना नवीन प्रोजेक्टच हवा असतो.

दुसरा आक्षेप ड्रेस्डेनचा. फ्राउएनकिर्श हे चर्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलं, १९९४ ते २००५ मध्ये पुन्हा बांधलं, मग ते कसं चाललं? मला ते चालतं. ते चर्च पाहिलेली माणसं जिवंत होती. फोटो होते, नकाशे होते. ढिगाऱ्यातला कामाचा दगड नोंद करून, शक्य तिथे मूळ जागी लावला. आजही भिंतीत काळे दगड जुने आणि फिकट दगड नवे, हे लांबून कळतं. त्यांनी मूळ फाइल ठेवली आणि बदल कुठे केला तेही दाखवलं. ट्रिफेल्समध्ये यातलं काहीच नव्हतं, फक्त इच्छा होती.

आता घरचं बोलू, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. युनेस्कोच्या ज्या बैठकीत लुडविगचे महाल यादीत आले त्याच बैठकीत आपले मराठ्यांचे बारा किल्लेही आले. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. त्या रात्री आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो होते आणि सकाळी पहिला मेसेज, "आता रायगड पुन्हा उभारला पाहिजे, जर्मनीसारखा."

जर्मनीसारखा म्हणजे कुणासारखा? ट्रिफेल्ससारखा की हायडेलबेर्गसारखा?

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरचे वाडे पेटले. लाकूडकाम जळालं, जोती उरली. हेन्री ऑक्झिंडेनने १६७४ मध्ये राज्याभिषेक पाहिला आणि लिहून ठेवला, पण वर्णन वाचून छपराचा उतार ठरवता येत नाही, की खांबावरची नक्षी काढता येत नाही. ती आपणच ठरवणार. म्हणजे आपल्याला शोभेल तशी, बहुतेक एखाद्या सिनेमाच्या सेटसारखी. आणि त्यासाठी खांब रोवणार त्याच जोत्यांवर, ज्यांच्यावर महाराज खरोखर चालले. पन्नास वर्षांनी एखादं नऊ वर्षांचं पोर त्या भिंतीला हात लावून विचारेल, हे खरं आहे का? तेव्हा त्याच्या बाबांना "हो" म्हणता आलं पाहिजे. मला माझ्या बाबांना ट्रिफेल्सबद्दल म्हणता आलं नाही.

दर रविवारी कुदळ-घमेली घेऊन गडावर जाणारी, टाकी उपसणारी, भिंतीतली झाडं काढणारी पोरं आपल्याकडे आहेत. तीच आपली खरी हायडेलबेर्ग-पार्टी. त्यांना चुना द्या, शिकलेला गवंडी द्या, मोजून नकाशा काढणारा माणूस द्या. महाल नको.

गेल्या मे महिन्यात आई-बाबा इकडे आले होते. बाबांना तो फुटका बुरूज दाखवला आणि माझं हे सगळं व्याख्यान ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पटतं रे. पण रायगडावर एकदा छप्पर बघावंसं वाटतं, खोटं कशाला बोलू?" मी काही बोललो नाही. ती इच्छा खोटी नाहीच, आणि ती मला कळत नाही असंही नाही. कैसरचीही इच्छा खरीच होती. इच्छा आहे म्हणून दगडावर हात टाकायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. चित्र काढा, मॉडेल बनवा, कॉम्प्युटरवर अख्खा रायगड उभा करा, मी स्वतः शनिवार-रविवार फुकट कोड लिहून देतो. चूक निघाली तर तिथे दुरुस्त करता येते.

बाबा मग खंदकाच्या कठड्याला टेकून बराच वेळ त्या पडलेल्या तुकड्याकडे बघत उभे राहिले. आईने शेवटी हाक मारली तेव्हा निघाले.

तेव्हा मंडळी, पुढच्या ट्रिपला कुणी ते ठरलेलं वाक्य टाकलं तर माना डोलवू नका. तीन प्रश्न विचारा. कधी बांधला? कुणी बांधला? त्याआधी तिथे काय होतं? आणि एखादा शनिवार आनवाइलरला घालवा. ट्रिफेल्स बघा, मग शेजारच्या शार्फेनबेर्गवर चढा. डबा वरच खा, वर काहीही मिळत नाही.